महोत्सवाची पाहुणी

२ डिसेंबर, सोमवार

साबणाच्या कंपनीने मी काम करते त्या लाँड्रीत वाटलेली ही डायरी वर्षभर कपाटात कोरी पडून होती. आज काढली, कारण राग आलाय आणि तो कोणापुढे काढावा असं माणूस घरात नाही.

यांनी जेवताना सांगितलं, "गुरुवारपासून आपल्याकडे पाहुणी आहे." सांगितलं. विचारलं नाही. शहराच्या महोत्सवाला दरवर्षी बाहेरून कलावंत येतात, त्यांना यंदा हॉटेलात न ठेवता घरोघरी उतरवायचं असं समितीने ठरवलंय. हे समितीत आहेत म्हणजे खुर्च्या मांडतात आणि सतरंज्या उचलतात, पण घरी येऊन अध्यक्षाच्या थाटात बोलतात.

"बाहुल्यांचे खेळ करते. लांबच्या बेटावरून येतेय. आपली भाषा येत नाही तिला."

"मग बोलायचं कसं?"

"तू बोलतेस तेवढं दोघींना पुरेल," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

ती झोपणार सासूबाईंच्या खोलीत. तिथे दोन खाटा आहेत, एक त्यांची, एक माझी. चार वर्षांपूर्वी सासूबाईंना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं सगळं, बोलता काहीच येत नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अख्खी शाळा त्यांच्या चपलेच्या आवाजाने गप्प व्हायची. तेव्हापासून मी त्यांच्याजवळ झोपते. कूस बदलायला लागते, कधी पाणी लागतं.

"मग मी कुठे झोपू?"

"आपल्या खोलीत. अगं, सुट्टी मिळाली समज."

लेक लग्न होऊन गेली, हे रिटायर झाले, आणि मला आता नवऱ्याच्या खोलीत झोपायला जायचं तर नवख्या घरी मुक्कामाला गेल्यासारखं वाटतंय. कोण रात्री उठणार? ती बाहुलीवाली?

५ डिसेंबर, गुरुवार

आली. मला वाटलं होतं कोणी नखरेल बाई असेल. ही माझ्याच वयाची, केस बारीक कापलेले, पायात पुरुषी बूट. दोन ट्रंका. यांनी मोठीला हात लावला तर हसत हसत त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतः उचलून जिना चढली. हे मागून रिकाम्या हाताने.

सासूबाईंच्या खोलीत पहिल्यांदा येणारे लोक एक ठरावीक चेहरा करतात. मान कलती, डोळे मोठे, "अरेरे" गळ्यात अडकलेलं. तो चेहरा दिसला की सासूबाई डोळे मिटून घेतात. हिने तसलं काही केलं नाही. बूट काढले, खाटेच्या कडेला बसली, सासूबाईंचा तो निर्जीव उजवा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि खिडकीकडे बघून काहीतरी विचारलं. सासूबाईंनी डाव्या हाताने दाखवलं, ती नदी. मग पूल. मग समोरच्या गच्चीवर महोत्सवाचे दिवे बांधणारी माणसं. घर दाखवल्यासारखं सगळं दाखवलं.

मी चहा घेऊन उभी. ट्रंक उघडी, कपाकडे दोघींचं लक्ष नाही. मग सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि पाहुणीने वळून माझ्याकडे पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं चहा मागतायत. दिला.

आजारी माणसाचा हात उचलताना आधी विचारायचं असतं. मी विचारते.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी स्वयंपाकघरात होते आणि आतून आवाज आला. वाटलं, सासूबाईंना ठसका लागला. गॅस तसाच सोडून धावले.

सासूबाई हसत होत्या.

तोंड एका बाजूला ओढलेलं, लाळ गळतेय, खांदे हलतायत, आणि हसत होत्या. चार वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं, ताट ढकलताना पाहिलं, भिंतीकडे तोंड करून पडलेलं पाहिलं. हसताना नाही. मी दारात दिसले आणि दोघी गप्प. वर्गात चिठ्ठी पकडली गेलेल्या पोरींसारख्या. मी खांद्यावरच्या फडक्याने सासूबाईंची हनुवटी पुसली आणि परत आले. दूध उतू गेलं होतं.

यांनी लगेच नणंदेला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात असते, वर्षातून दोनदा येते, येताना फळं आणते. "आई हसली!" हे ओरडले. ती तिकडे रडायलाच लागली.

"जादू आहे रे दादा त्या बाईच्या हातात!"

जादू. आणि माझ्या हातात काय आहे, फिनेल?

८ डिसेंबर, रविवार

आता उजव्या हाताची बोटं हलली.

व्यायामाचे सर दर आठवड्याला येतात. त्यांनी दिलेला रबरी चेंडू सासूबाईंनी पहिल्याच दिवशी कोपऱ्यात फेकला होता, डाव्या हाताने, नेम धरून. पाहुणीने त्याच उजव्या हातात मोज्यासारखी कापडी बाहुली चढवली, आणि बाहुलीने मान हलवली. थोडीशी. पण हलवली. सर म्हणाले, "बघा, मी सांगत होतो ना, सातत्य ठेवलं की होतं." म्हणजे श्रेय वाटून घ्यायलाही लोक आहेत, फक्त त्या रांगेत मी नाही.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. पाहुणीचे खेळ संध्याकाळी असतात, पूर्ण सकाळ आणि दुपार ती घरातच. मऊ भात भरवायला मला पाऊण तास लागतो, गोड बोलून, रागावून, हाता-पाया पडून. आज तिने भरवला. वाटी चाटून पुसून.

दुपारी दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं, हो, पाहिलं, माझंच घर आहे. दोन बाहुल्या होत्या. एक बाहुली दुसरीच्या तोंडाशी काहीतरी नेते, दुसरी तोंड फिरवते. ही पुन्हा नेते, ती पुन्हा फिरवते. मग ही कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघते. एवढंच. आणि सासूबाई हसून हसून लाल. त्यात हसण्यासारखं काय होतं देव जाणे. शिकलेली बाई, लहान मुलांच्या खेळाला हसते.

९ डिसेंबर, सोमवार

महोत्सवाचे दिवस म्हणजे लाँड्रीत पाय ठेवायला जागा नाही. शहरात जितक्या भाषा तितकी मंडळं, जितकी मंडळं तितके पोशाख, आणि सगळ्यांना ते आज संध्याकाळीच हवे. ढोलवाल्यांचे घामाने मीठ धरलेले अंगरखे, गायिकांच्या जरीच्या ओढण्या, मुखवट्यांच्या आतली अस्तरं. रंगाचे तेलकट डाग असतात, त्यांना आधी पावडर लावून तेल ओढून घ्यावं लागतं, पाणी लावलं की गेलं कापड. इतक्या वर्षांत सगळा महोत्सव माझ्या हातून धुऊन गेला. पाहिला कधीच नाही. पूर्वी स्वयंपाक असायचा, आता सासूबाई.

पाहुणीने बाहुल्यांचे कपडे पाठवले होते. टीचभर झगे, नखाएवढ्या बाह्या. मालकीणबाई म्हणाल्या, "हे तूच कर, बाकीच्या मुली जाळतील." मालकीणबाई त्याच बेटावरच्या. आजोबांच्या काळात इकडे आलेलं घर, भाषा अजून बोलतात.

मी ते झगे अस्तर न उसवता स्वच्छ केले, इस्त्रीचं टोक फिरवून बाह्या उभ्या केल्या. मन म्हणत होतं, पिवळा डाग राहू दे, काय फरक पडतो. पण राग माणसावर असावा, कपड्यावर कशाला काढायचा. डागही काढला.

"कशी आहे तुमच्याकडची पाहुणी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"छान," म्हटलं. "नव्याचे नऊ दिवस."

११ डिसेंबर, बुधवार

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

लाँड्रीत वीज गेली म्हणून लवकर घरी आले. हे बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. आतलं दार सताड उघडं. मी यायच्या वेळा त्यांना पाठ असणार, आज मी वेळ चुकवली.

सासूबाईंच्या उजव्या हातात बाहुली होती. जाडसर, मानेवर अंबाडा, दोन भुवयांच्या मधे पेन्सिलीच्या दोन उभ्या रेघा. आणि खांद्यावर निळ्या चौकटीचं फडकं. माझं फडकं. शुक्रवारपासून शोधत होते मी ते, कपाटात नाही, दोरीवर नाही. कापून टीचभर केलेलं.

पाहुणीच्या हातात म्हातारी बाहुली, तोंड फिरवलेली. आणि पाहुणी आवाज काढत होती. माझा आवाज, भरवतानाचा.

"आई, तोंड! आई, तोंड!"

आमच्या भाषेतले दोनच शब्द शिकली, आणि तेही माझेच.

म्हणजे एवढे दिवस त्या मला हसत होत्या. मी उठवते, मी धुते, मी पुसते, त्यांचं पांघरूण, त्यांच्या गोळ्या, त्यांची नखं. आणि त्यांना चार वर्षांनी जे हसू आलं ते माझं आलं.

सासूबाईंनी मला पाहिलं. डाव्या हाताने पटकन बाहुलीवर पांघरूण ओढलं. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि बादली भरून वाहेपर्यंत तिथेच उभी राहिले.

१२ डिसेंबर, गुरुवार

रविवारी महोत्सवाचा शेवटचा दिवस. पाहुणीचा खेळ मोठ्या मंचावर आहे. हे समितीतून निरोप घेऊन आले. "तिची फार इच्छा आहे, आईने पुढच्या रांगेत बसावं. आपण खुर्चीतून नेऊ. आई, जायचं का?"

सासूबाईंनी मान हलवली. कधी नव्हे ती इतकी जोरात हलवली की उशी सरकली.

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारते आधी."

गॅलरीत जाऊन फोन केला. डॉक्टर म्हणाले, "जरूर न्या! चांगलंच आहे. शाल घाला, कानात कापूस, आणि कडेला बसवा."

आत येऊन म्हटलं, "डॉक्टर नको म्हणाले. गर्दी, आवाज, बीपी वाढेल."

यांनी माझ्याकडे बघितलं. "असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

"बरं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी खोटं बोलले हे मला माहीत आहे. वाईट वाटेल अशी वाट बघतेय. अजून वाटलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून जेवल्या नाहीत. माझ्या हातून नाही आणि तिच्याही हातून नाही. तिच्याही नाही, याचं मला बरं वाटलं. कसली बाई आहे मी.

नणंदेचा फोन. "वहिनी, एक संध्याकाळ. आईला एवढंही नाही का मिळणार?"

"येऊन घेऊन जा तुम्ही," म्हटलं.

"तसं नाही गं," ती म्हणाली. कसं नाही ते सांगितलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

झगे न्यायला पाहुणी स्वतः लाँड्रीत आली. ती आणि मालकीणबाई एकमेकींना भेटून इतक्या बोलत सुटल्या की मला वाटलं एका आईच्या आहेत. मी इस्त्री खाली ठेवली नाही.

मग मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "ही विचारतेय, तू चिडलीस का तिच्यावर?"

"नाही म्हणून सांगा."

"खोटं असेल तर मी सांगत नाही. माझी भाषा आहे ती."

मी इस्त्री ठेवली. "सांगा मग. माझ्या घरात राहून, माझंच फडकं कापून, माझी टिंगल करते, म्हणून सांगा."

मालकीणबाईंनी सांगितलं. पाहुणीचा चेहरा पडला. ती हळूहळू बोलायला लागली आणि मालकीणबाई मधे मधे थांबवून मला सांगत गेल्या.

"ती म्हणते, पहिल्या दिवशी तिने म्हातारीला ट्रंक उघडून दाखवली. राजा हवा का, वाघ हवा का. म्हातारीने नको नको अशी मान हलवली आणि दाराकडे बोट दाखवलं. तू चहा घेऊन उभी होतीस."

मी घातलेली घडी उलगडून पुन्हा घातली.

"बाहुली हिने नाही केली, म्हातारीने करून घेतली. अंबाडा खाली घे, भुवया अशा नको. डाव्या हाताने खुणा करकरून. फडकंही तिनेच दाखवलं, उशीखाली ठेवलं होतं. ही म्हणते, मी दुसरा खेळ काढला की म्हातारी बघत नाही. रोज तूच हवी."

"हसायला मीच सापडले."

मालकीणबाईंनी तेही सांगितलं. पाहुणीने खांदे उडवले.

"ती विचारते, चार वर्षं त्या खोलीत तिने दुसरं कोणाला पाहिलंय?"

"मग माझ्यासमोर का नाही हसत?" माझा आवाज चढला. मागच्या मुली काम थांबवून बघायला लागल्या.

पाहुणी थोडंच बोलली.

"ती म्हणते, माझ्यापुढे ती घरची यजमानीण आहे. नदी दाखवते, चहा घे म्हणून खुणावते. तू तिला धुतेस. जो आपल्याला धुतो त्याच्यासमोर मान वर करून हसणं सोपं नसतं."

मग पाहुणी आणखी काही बोलली, खाली बघत, झग्यांची पिशवी आवळून. मालकीणबाईंनी सांगितलं, "हे मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली. तिच्या आईला तिची बहीण सांभाळायची. ही वर्षातून एकदा जायची, आईला हसवायची आणि निघायची. बहीण तेव्हापासून हिच्याशी बोलत नाही. हिला वाटायचं, बहीण आडमुठी आहे."

काहीतरीच. नक्की भाषांतरात घोळ झाला असणार.

घरी आले. हे भाजी निवडत होते. मी म्हटलं, "डॉक्टरांना पुन्हा विचारलं. चालेल म्हणाले उद्या."

"हो, मला कालच म्हणाले ते," यांनी भाजीतून मान वर केली नाही. "औषधाच्या दुकानात भेटले. म्हणाले, नेताय ना आईंना? मी सांगितलंय बाईंना."

मी भिंतीला टेकले. "मग बोलला का नाहीत?"

"चार वर्षांत तू कशाला नाही म्हणाली नाहीस. एकदा म्हणालीस. म्हटलं राहू दे, असेल काही."

मला त्यांच्या अंगावर भाजी फेकावीशी वाटली आणि रडावंसंही वाटलं. शेवटी देठं उचलून केरात टाकली.

सासूबाईंना सांगायला मीच आत गेले. "उद्या जायचंय." त्यांनी विश्वास बसत नसल्यासारखं माझ्याकडे बघितलं. भात आणला तर जेवल्या, माझ्या हातून, पाऊण तासात.

१६ डिसेंबर, सोमवार

काल लिहायला झालं नाही.

लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची मावत नाही. हे, वॉचमन आणि वरच्या मजल्यावरचे बँकवाले, तिघांनी सासूबाईंना जेवणाच्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं, खाली चाकाची खुर्ची तयार ठेवली होती. मी पुढून "सावकाश, सावकाश" करत उलटी उतरत होते. सासूबाईंना मी राखाडी रेशमी साडी नेसवली होती, शाळेच्या संमेलनाला नेसायच्या ती. जिन्यात शेजारी उभे राहून बघत होते आणि त्यांनी सगळ्यांना डाव्या हाताने नमस्कार केला, पाहणीला आल्यासारखा.

रस्ता गाड्यांना बंद. दर चौकात वेगळं गाणं, वेगळी भाषा, एकाचा ढोल संपायच्या आत दुसऱ्याची बासरी. मी लोकांपेक्षा कपडेच बघत होते. हा अंगरखा माझ्या हातचा, ती ओढणी माझ्या हातची. एका नाचणाऱ्याच्या पाठीवर इस्त्रीची घडी वाकडी पडली होती, ती मात्र आमच्याकडची नव्हती.

पुढच्या रांगेत, कडेला बसवलं. पाहुणीचा खेळ सुरू झाला. आधी राजा आला, मग वाघ. मग पडदा सरकला आणि एक खाट दिसली, खाटेवर म्हातारी बाहुली. लोक शांत झाले. मला कळलं पुढे कोण येणार. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मंचाकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

आणि तेवढ्यात त्यांच्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. तो हात मी ओळखते. शाल बाजूला करून बघितलं. झालं होतं. रेशमी साडी, खुर्ची, सगळं.

हे म्हणाले, "पाहुणीला बोलवू का?" मी म्हटलं, "तुम्ही फक्त खुर्ची ढकला."

मंचाच्या मागे कापडाचा आडोसा होता, तिथे कलावंतांच्या ट्रंका. यांना बाहेर उभं केलं. पिशवीत सगळं होतं, मी कोरड्या कपड्यांशिवाय त्यांना कुठे नेतच नाही. पुसलं, बदललं, साडी गुंडाळून ठेवली. कापडापलीकडे लोक हसत होते. एकदा हसले, दोनदा हसले, मग "आई, तोंड!" ऐकू आलं आणि सगळं मैदान खो खो हसलं. मी गुडघ्यावर बसून सासूबाईंच्या पायात मोजे चढवत होते.

वर बघितलं तर त्या रडत होत्या. डोळे मिटून, तोंड फिरवून. मी रोज हे करते. रोज त्या भिंतीकडे तोंड करतात आणि मला वाटतं, माझा राग आहे. मंचामागे भिंत नव्हती. कुठे बघायचं त्यांना कळेना.

"आई," मी म्हटलं, "रेशीम आहे, निघतं. मी लाँड्रीत आहे, विसरलात का?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण मनगट सोडलं नाही. टाळ्या संपेपर्यंत आम्ही तशाच बसलो. खेळ पुन्हा राहिलाच बघायचा.

पाहुणी आज सकाळी गेली. सासूबाईंच्या कपाळाला कपाळ लावलं, मला हात जोडले. मी तिला बिस्किटांचा पुडा दिला, दुसरं काही सुचलं नाही. बाहुली ती घेऊन गेली. आता मी गावोगाव फिरणार.

सासूबाई दुपारपर्यंत रडत होत्या. मी गेले असते तर इतक्या रडल्या असत्या का, हा विचार आलाच. रात्रीपासून माझी खाट मला परत.

२१ डिसेंबर, शनिवार

नणंद आली, फळांच्या दोन पिशव्या घेऊन. हसणारी आई बघायला आली होती. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला. पण कूस बदलायची वेळ आली तेव्हा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या. पाणी तिने दिलं, तोंड मिटून घेतलं. मी दिलं, प्यायल्या. हसल्या मात्र नाहीत, मलाही नाही आणि तिलाही नाही.

संध्याकाळी नणंद स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून भांडी पुसत होती. कोरडीच भांडी पुसत होती.

"आईला आता मी लागतच नाही, वहिनी."

"असं काही नाही. सवय असते."

"तीच म्हणतेय मी. सवय. ती माझी होती ना आधी." तिने तीच वाटी पुन्हा पुसली. "आल्यापासून बघतेय. मी बोलते आणि ती तुला शोधते. नशीबवान आहेस तू."

खरं लिहायचं तर मला गोड लागलं. मी ते वाक्य संध्याकाळभर चघळलं. पोळ्या लाटताना, गोळ्या काढताना. नशीबवान. तिने अजून एकदा म्हणावं असं वाटत होतं.

मग झोपायला गेले तर ती सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभी. आतही जात नव्हती, परतही फिरत नव्हती. मला बघून म्हणाली, "पाणी प्यायला उठले होते." पाणी स्वयंपाकघरात असतं.

मी म्हटलं, "इथे झोपता का आज, माझ्या खाटेवर? कूस बदलायची तेव्हा उजवा खांदा आधी उचला, आणि उचलायच्या आधी विचारा."

२२ डिसेंबर, रविवार

रात्रभर झोप नाही. हे घोरत होते, मी कान देऊन पडलेली. एकदा आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदा खाट करकरली. उठले नाही, पलंगाची कड धरून ठेवली.

सकाळी भात मऊ करून वाटी नणंदेच्या हातात दिली.

"माझ्या हातून नाही खात ती."

"पहिल्या चार घासांना तोंड फिरवतील. पाचव्याला घेतील. घाई करू नका, आणि सारखं तोंड तोंड म्हणू नका, कंटाळतात त्या."

"तू कुठे चाललीस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"नदीकाठी. मंडप सोडतायत, बघून येते."

हे पेपरातून डोकावले. "मी येऊ का?" नको म्हटलं. चार वर्षांतलं दुसरं नाही.

चपला घातल्या, दार ओढून घेतलं. पहिल्या मजल्यापर्यंत उतरले असेन, आणि वरून हसू ऐकू आलं. आधी नणंदेचं, मग दुसरं, ओढलेलं, घशातून येणारं. काय केलं असेल तिने? कशाला हसल्या असतील? माझ्यावरच असेल का? आणि माझ्यावर नसेल तर?

दोन पायऱ्या परत चढले. कठडा धरून उभी राहिले, वरचं हसू संपेपर्यंत. ते लवकर संपलं नाही.

मग खाली उतरले.